शौकतभाईंच्या एकशे बारा बिननावी कॅसेट

कुणाशीही बोलायच्या आधी शौकतभाई समोरच्या वस्तूवर बोटानं दोनदा टकटक करायचे. टेबल असेल तर टेबलावर, दार असेल तर दारावर, हातात चहा असेल तर बशीवर. काहीच नसेल तर स्वतःच्या छातीवर. मग घसा खाकरून "हॅलो" म्हणायचे आणि त्यानंतर चारचौघांसारखं बोलायला लागायचे. चाळीस वर्षं लाउडस्पीकरचा धंदा केलेल्या माणसाला आपल्यासमोर माइक नाही हे पटतच नसावं. त्यांच्या निकाहातसुद्धा "कबूल है" म्हणायच्या आधी त्यांनी काझीसाहेबांच्या चौरंगावर टकटक केलं होतं, असं जुन्नरात सांगतात. जुन्नरात लोक काय वाट्टेल ते सांगतात, पण एवढं मला खरं वाटतं.

मी जुन्नरच्या शाळेत विज्ञानाची बाई म्हणून रुजू झाले ते १९९१ साली. पुण्याहून आलेली, त्यामुळे आपल्याला सगळं येतं अशी माझी पक्की समजूत होती. पंधरा ऑगस्टला मुख्याध्यापकांनी नव्या बाईंना दोन शब्द बोलायला सांगितलं. दोन शब्द म्हणजे पाऊण तास, अशा तयारीनं मी उभी राहिले आणि माइकला ओठ टेकवून सुरुवात केली. तोच मैदानाच्या टोकाकडून, पिंपळाखालून कुणीतरी ओरडलं, "बाई, माइक खाऊ नका! त्याच्याशी नुस्तं बोला!"

सगळी शाळा हसली. मुख्याध्यापकही हसले, पण रुमालात.

भाषण संपल्यावर तो गृहस्थ जवळ आला. उंच, वाळका, डोक्यावर जाळीची टोपी, गळ्यात वायरीचं भेंडोळं. खुर्चीच्या पाठीवर टकटक केलं. "हॅलो. बाई, राग मानू नका. पुढं बसल्याल्या मुख्याध्यापकास्नी फुकटात ऐकू येतं. आपला धंदा मागच्यासाठी है. पिंपळाखाली सातवी ड व्हती. तुमी काय बोललात ते तिला कळाया पायजे का न्हाई?"

"मग कळलं का तिला?" मी फणकाऱ्यानं विचारलं.

"न्हाई. पन त्यात माइकचा दोष न्हाई."

ही आमची पहिली भेट. त्या दिवशी मी घरी जाऊन आमच्या ह्यांना सांगितलं की या गावात एक अतिशय आगाऊ माणूस राहतो. हे म्हणाले, "एकच?"

दिलखुश साउंड सर्व्हिस म्हणजे दोन अँप्लिफायर, सहा कर्णे, एक खटारा टेंपो आणि शौकतभाई. सगळा जुन्नर तालुका आणि आंबेगावचा घोडेगावापर्यंतचा भाग त्यांच्या कर्ण्याखाली नांदत होता. सप्ताह असो, उरूस असो, लग्न असो नाहीतर गावजत्रा, कर्णा शौकतभाईंचाच. कोणत्या गावचे टाळ पुढे पळतात, कोणत्या कव्वालाचा श्वास पुरत नाही, हे त्यांना तोंडपाठ होतं. एका नामांकित भजनीबुवांबद्दल ते मला म्हणाले होते, "बुवा वर चढाया लागलं की मी कर्णा ओढ्याकडं फिरवायचो. म्हशी काय तक्रार करीत न्हाईत." बुवा मात्र शेवटपर्यंत सांगत राहिले की आपला आवाज ओढ्यापलीकडेसुद्धा स्वच्छ जातो.

आणि या माणसाला एक खोड होती. कार्यक्रम कुठलाही असो, अँप्लिफायरमधून एक वायर काढून ते ती टेपरेकॉर्डरला जोडून ठेवत. कुणी सांगितलेलं नसे, कुणी मागितलेलं नसे. काकड्याची भजनं, उरुसातली कव्वाली, गोंधळ, भारुडं, बायकांची हळदीची गाणी, सगळं ते गपचूप भरून घेत. का करता म्हणून मी एकदा विचारलं. दारावर टकटक करून म्हणाले, "आवाज कर्ण्यातनं निघाला की गेला, बाई. डोंगराला आपटून एकदा माघारी येतो. दुसऱ्यांदा येत न्हाई."

अशा एकशे बारा कॅसेट साठल्या. आणि एकीवरही नाव नाही. गाव नाही, साल नाही, गाणाऱ्याचा पत्ता नाही. शौकतभाईंना लिहिता येत नव्हतं असं कुणी समजू नये. मराठी, उर्दू दोन्ही मोत्यासारखं लिहायचे. पण, "नाव लिवलं की लोक बघत्यात, वळखत्यात आन 'आमच्या बुवाची है' म्हनून घिऊन जात्यात. मग पोरं तिच्यावर सिनेमाची गानी भरत्यात. नावच न्हाई तर नेनार कोन?" चोर येऊ नयेत म्हणून घराला दारच ठेवायचं नाही, असला हा बंदोबस्त. आत काय आहे ते फक्त त्यांच्या कानांना ठाऊक. कॅसेट पाच सेकंद वाजली की सांगायचे, हे अमकं गाव, हा तमका.

आणि नेमके ते कानच जायला निघाले होते. चाळीस वर्षं कर्ण्याच्या बुडाशी बसल्यावर दुसरं काय होणार! उजवा आधीच गेला होता. डावाही वर्षभरात जाईल, असं मंचरच्या एका डॉक्टरांनी त्यांना सांगितलं. शौकतभाई "हां?" म्हणाले. डॉक्टरांनी ओरडून परत सांगितलं. हे "हां?" त्यांचं खास होतं. कानाशी हात नेऊन, भुवया उंचावून. जे ऐकायचं नसे, त्याला ते बरोबर "हां?" म्हणायचे.

आता यात मी कशी सापडले ते सांगते. माझ्याच जिभेनं सापडले. २००३ साली आम्ही घरी संगणक घेतला. आमच्या आळीतला पहिला, आणि वर त्याला सीडी भरायची सोय. मग काय विचारता! शाळेच्या जुन्या स्वागतगीताची एक कॅसेट होती, ती मी सीडीवर उतरवली, स्नेहसंमेलनात वाजवली आणि वर स्टेजवरून जाहीर केलं की कॅसेट बुरशीनं जाते, पण संगणकात गेलेलं कायमचं राहतं. टाळ्या पडल्या. कार्यक्रम संपल्यावर स्टेजच्या फळीवर टकटक झालं.

"हॅलो. बाई, कायमचं म्हंजी किती?"

"कायमचं म्हणजे कायमचं, शौकतभाई."

"मी मेल्यावर बी?"

"तुम्ही, मी, सगळे मेल्यावरसुद्धा!" मी उदारपणे सगळ्यांना मारून टाकलं.

दिवाळीच्या सुटीत दारात टेंपो उभा राहिला. त्यातून एक पत्र्याची ट्रंक उतरली, एक टेपरेकॉर्डर उतरला आणि शौकतभाई उतरले. म्हणाले, "कान हाय तवर करू." मला नाही म्हणता आलं नाही. स्टेजवर बोललं की असं होतं.

या कामातली गंमत अशी की त्याला कसलीही घाई चालत नाही. संगणक कितीही हुशार असला तरी नव्वद मिनिटांची कॅसेट भरायला नव्वद मिनिटंच लागतात. टेपची वायर संगणकाच्या पाठीत खुपसायची, एक बटण दाबायचं आणि गप बसायचं. मी गप बसणाऱ्यांतली नव्हे. बटण दाबून मी स्वयंपाकघरात जाई, वह्या तपासायला घेई. शाळा सकाळची, त्यामुळे दुपारी एक ते चार हे काम चाले, तेही वीज असली तर. भारनियमनाचं वेळापत्रक आम्ही भिंतीवर लावलं होतं आणि वीज मंडळ ते कटाक्षानं मोडत होतं. ऐन अभंगात वीज जायची, की पुन्हा पहिल्यापासून.

पहिल्या दिवशी बटण दाबताच संगणकातून 'कुंईई' करून शिट्टी निघाली. मी चार-सहा ठिकाणी टिचक्या मारल्या. तेवढ्यात शौकतभाई उठले, संगणकाबरोबर फुकट आलेला वाकड्या मानेचा छोटा माइक त्यांनी उचलला, उलटसुलट करून बघितला, स्पीकर जरा लांब सरकवला आणि माइक आपल्या खुर्चीसमोर आणून ठेवला. शिट्टी थांबली. मी म्हटलं, "बघा, थांबवली की नाही?" ते म्हणाले, "झाक." त्या माइकच्या बुडाशी एक तांबडा दिवा होता. तो शोभेचा असावा, असं माझं शास्त्रीय मत होतं.

मग त्यांचा रोजचा नेम सुरू झाला. कॅसेट लागली की डावा कान स्पीकरला लावायचा, खोक्यावर पंजा ठेवायचा, पाच सेकंद डोळे मिटायचे. मग टेबलावर टकटक. "हॅलो. ही कॅशेट ओतूरची. काकडा. गानार दगडूबुवा. पखवाज त्येंचा मेव्हना, म्हून तर चुकला तरी बुवा बोलत न्हाईत." मध्येच, "आता ऐका, हितं खोकला येनार. आला का? ह्यो सरपंचाचा खोकला." एखाद्या कव्वालीत, "वा! ह्यो गेला त्याच साली. पोरगा चांगला व्हता. गळा गेला, घर बी गेलं." असं नव्वद मिनिटं अखंड. मी स्वयंपाकघरातून ओरडायची, "कुणाला सांगताय शौकतभाई? तिथे कुणी नाही!" ते म्हणायचे, "हां?"

नव्वद मिनिटांत तीन चहा लागत. मी करत होते, पण तोंड बंद ठेवून करावा असा काही करार नव्हता. आमच्या ह्यांची दुपारची झोप जायची, म्हणून तेही वैतागून दिवाणावर बसलेले. मी सरळ शौकतभाईंसमोर ह्यांना म्हणायची, "अहो, या माणसाला घरदार आहे की नाही, विचारा तरी."

"हळू बोल. ऐकतील."

"ऐकतील कशानं? दोन्ही कानांचे फ्यूज उडालेत त्यांचे."

शौकतभाई स्पीकरला कान लावून डुलत असायचे. एकदा मी म्हटलं, "आज चहात साखरच घालत नाही. बघू, लवकर उठतात का!" चहा दिला. त्यांनी घोट घेतला, बशीवर टकटक केलं आणि म्हणाले, "बाई, बिनसाखरेचा चहा आपल्याला लई आवडतो." मी ह्यांच्याकडे बघून डोळे मिचकावले. काय योगायोग!

साधारण संक्रांतीच्या सुमाराला मी ओझरला गणपतीच्या दर्शनाला निघाले होते. एसटीच्या खिडकीतून ज्वारीची शेतं दिसत होती. एका शेतावर या बांधापासून त्या बांधापर्यंत तपकिरी फिती ताणलेल्या, उन्हात लखलखताहेत, वाऱ्यानं भुंऽऽ करताहेत, आणि पाखरांचे थवे पलीकडच्या शेतावर जाऊन बसताहेत. कॅसेटच्या फिती. आमच्याकडे दाणा भरला की शेतकरी त्या पाखरांसाठी लावतात. मी घरी येऊन शौकतभाईंना कौतुकानं सांगितलं. ते म्हणाले, "आपल्याच हायेत. दगडूबुवा है त्यो."

"काय?"

"तुमच्या संगणकात गेलं ना कायमचं? मग फीत ठिवून काय करायची? बुरशी लागली व्हती. लोक मागाया आलं, दिली." आणि हसून म्हणाले, "बुवा जित्तेपनी मानसं पळवायचे, आता पाखरं पळवत्यात."

मी हसले. एवढंच नव्हे, दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात टाकाऊतून टिकाऊचं उदाहरण म्हणून हे सांगितलंसुद्धा. एकीकडे मी फाइल सेव्ह करत होते, दुसरीकडे ते फिती वाटत होते. आणि त्या सगळ्या महिन्यांत मी एकही फाइल उघडून ऐकली नव्हती. नव्वद मिनिटं कोण ऐकत बसणार? मला कामं होती.

शिमग्याला एकशे बारावी कॅसेट संपली. चैत्रात बेल्ह्याजवळच्या एका वाडीत लग्न होतं. नवरदेवाची आजी रखमाबाई पंचक्रोशीत हळदीच्या गाण्यांसाठी प्रसिद्ध होती. ती जाऊन बारा वर्षं झालेली. हळदीला आता गाणार कोण? पोरं म्हणाली डीजे लावू. शौकतभाई म्हणाले, "रखमाबाई माझ्याकडं है." पहिली सीडी वाजणार ती अशी मांडवात, म्हणून त्यांनी मला टेंपोतून मानानं नेलं. मी नवी साडी नेसले होते. सत्कार होईल असा अंदाज होता.

दुपारी बारा वाजता नवरदेव पाटावर बसला. मांडवाच्या दोन्ही टोकांना कर्णे. शौकतभाईंनी सीडी लावली. आधी टकटक. मग त्यांचाच आवाज, "हॅलो. ही रखमाबाई. साथीला तिची धाकली जाव पारू. ढोलकी न्हाई, परात वाजीवलीय." आणि मग ती म्हातारी गायला लागली. पुढे बसलेली एक बोळक्या तोंडाची बाई ताडकन उठली, "अगं बया! माझं नाव घेतलं शौकतनं!" ती पारू. बायका रडायला लागल्या, हसायला लागल्या, रखमाबाईच्या मागे गायला लागल्या. मला मात्र एकच प्रश्न पडला होता. शौकतभाईंचा आवाज सीडीत आलाच कसा?

उत्तर दोन मिनिटांत मिळालं. रखमाबाईनं कडवं संपवलं आणि कर्ण्यातून, पार बेल्ह्याच्या बाजारापर्यंत जाईल अशा दणदणीत आवाजात मी बोलले, "अहो, उठवा की तुमच्या पाव्हण्यांना! दोन चहा झाले. तिसरा मागितला तर जमालगोटा घालीन त्यात!" पाठोपाठ आमचे हे, "हळू बोल." आणि परत मी, "त्यांना काय ढोल ऐकू येतंय!"

मांडवातले सगळे आधी कर्ण्याकडे बघायला लागले. मग जो हशा उसळला तो मी जन्मात विसरणार नाही. नवरदेव हळदीच्या तोंडानं हसत होता. शेजारची बाई मला म्हणाली, "मास्तरीनबाई, ह्यो आवाज वळकीचा वाटतो वो." मी शौकतभाईंकडे बघितलं. ते अँप्लिफायरवर हात ठेवून सरळ समोर बघत होते. आवाज कमी करायचं बटण त्यांच्या बोटाखाली होतं. त्यांनी ते फिरवलं नाही. मी मनात म्हटलं, देवाची कृपा, बहिरे आहेत.

घरी येऊन मी संगणकावर बसले. ही फाइल, ती फाइल, मधली, शेवटची. सगळीकडे तेच. काय भरून घ्यायचं ते निवडायची एक यादी संगणकात असते. नुसती वायर, नुसता माइक किंवा सगळं. मी 'सगळं' निवडलं होतं. सगळं म्हणजे चांगलंच, असा साधा विचार. एकशे बारा कॅसेटवर शौकतभाईंची बडबड, माझी टोमणेबाजी, ह्यांच्या जांभया आणि कुकरच्या शिट्ट्या. पुन्हा भरावं म्हटलं तर कॅसेट होत्या कुठे? दगडूबुवा ज्वारीवर, कव्वाल द्राक्षांवर. ट्रंकेत नऊ उरल्या होत्या, त्याही चिकटलेल्या. या माणसानं इतक्या वर्षांत गोळा केलेलं सगळं माझ्या एका 'कायमचं'वर विश्वास ठेवून रानात वाटलं होतं, आणि मी त्याची माती केली होती.

आठ दिवस मला जेवण गेलं नाही. नवव्या दिवशी पाटी-पेन्सिल घेऊन त्यांच्या घरी गेले, कारण तोवर डावा कानही पुरता गेला होता. अंगणात खाटेवर बसले होते. मी पाटीवर लिहिलं : "सगळ्या कॅसेट खराब झाल्या. माझा माइक चालू राहिला. चूक माझी." त्यांनी पाटी लांब धरून वाचली. खाटेच्या कडेच्या लाकडावर टकटक केलं.

"हॅलो. माइक खोटं बोलत न्हाई, बाई. जे व्हतं ते भरलं."

मी पाटी पुसून लिहिलं, "मी तुम्हाला नाही नाही ते बोलले आहे त्यात."

त्यांनी ते वाचलं. मग कानाशी हात नेला, भुवया उंचावल्या आणि म्हणाले, "हां?"

लिहिलेल्याला "हां?" म्हणणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला. मी पाटी पुसली. चहा घेतला आणि उठले. त्यांच्या घरचा चहा फार गोड होता.

शौकतभाई २००६ साली गेले. त्या दिवशी जुन्नरात एकही कर्णा वाजला नाही. लोक म्हणाले, गावानं मान राखला. खरं म्हणजे त्या दिवशी सकाळपासून वीज नव्हती. माझ्याकडच्या सीड्या बिस्किटांच्या डब्यात पडून होत्या. दोन वर्षं मी त्या डब्याला हात लावला नाही. मग एकदा काढून बघितल्या, तर चारपाच सीड्यांचा चंदेरी मुलामा सुटायला लागला होता. कायमचं म्हणजे पाच वर्षं, हा शोध मला तेव्हा लागला. फाइली नव्या डिस्कवर चढवायच्या आणि त्याबरोबर एकेक पूर्ण ऐकायची, असं मी ठरवलं. शिक्षाच म्हणा ना. नव्वद मिनिटांची फाइल नव्वद मिनिटं, जागेवरून न उठता.

ऐकता ऐकता समोर वही घेतली. "गानार दगडूबुवा." लिहिलं. "पखवाज त्येंचा मेव्हना." लिहिलं. गाव, साल, गाणारा, वाजवणारा, मागे टाळ धरणारी चार पोरं, त्यांतला कोण पुढे मुंबईला गेला, कोण वारला. एकशे बारा कॅसेटींचा एकही तपशील सुटलेला नव्हता. माइक बंद असता तर माझ्याकडे दीडशेहून जास्त तास स्वच्छ, सुरेल गाणी असती आणि कोण गातंय ते सांगणारा या पृथ्वीवर कुणी नसता. विज्ञान शिकवते मी! हे कळायला मला पाच वर्षं लागली.

एकशे अकरावी फाइल घोडेगावच्या गोंधळाची. मध्ये संबळ एकदम थांबतं, बाजू संपते. आमचे हे त्या दिवशी बाजारात गेलेले असावेत. मी आत भांडी वाजवतेय ते ऐकू येतं. खुर्ची करकरते. टेबलावर, अगदी माइकजवळ, टकटक.

"हॅलो. बाई, माइक चालू है तुमचा. पैल्या दिवसापास्नं चालू है. तांबडा दिवा दिसतोय की मला. सांगनार व्हतो. पन तुमी बंद केला असता. मंग कोन गातंय ते कोन सांगनार? मी तर लिवलंच न्हाई कशावर. म्हून गप ऱ्हायलो." खुर्ची पुन्हा करकरते. "तुमी बोलता ते बी येतं ऐकू. डाव्या कानानं. येऊ द्या. आमच्या घरात आता कोनी आपल्याशी बोलत न्हाई, कान गेलं म्हून. तुमी निदान बोलता तरी."

मग कपबशीचा आवाज. आणि मी, खणखणीत : "घ्या, चौथा! आता तरी उठा म्हणावं."

आणि ते, "लई झाक झालाय, बाई."

त्या दुपारी मी ढसाढसा रडले. ज्याला पाच सेकंदांत सरपंचाचा खोकला ओळखू येतो, त्याला चार हातांवरून माझी जीभ ऐकू येत नाही, असं मी कशाच्या जोरावर धरून चालले होते? एक चहा, एक चहासुद्धा मी त्या माणसाला नीट तोंडानं दिला नाही.

आता ओतूरहून, आळ्याहून, घोडेगावहून लोक येतात. बाई, आमच्या बुवाचं आहे का, आमच्या आत्याचं आहे का? मी वही उघडते, फाइल शोधून देते. बहुतेक जण खूश होऊन जातात आणि आठवड्यानं परत येतात. अवघडून म्हणतात, "बाई, लई उपकार झाले. पन ते मधी मधी एक बाई सारखी कुरकुर करती, तेवढं काढता यील का?"

मी त्यांना सांगते, काढता येतं. पण मग शौकतभाई कुणाशी बोलतायत ते कळणार नाही.